‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी अहवालांत काही सापडल्याची नोंदच नसते. सोलापुरात अशा अहवालांची तीन ठिकाणे सहज सांगता येतील. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. तिथे रुग्णाच्या रक्ताच्या कल्चरवर ‘नो ग्रोथ’ असे लिहिले जाते. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एखाद्या गावच्या विहिरीच्या नमुन्यापुढे ‘ई. कोलाय आढळले नाही’ असा शेरा पडतो. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि डाळिंबाच्या रोपात तेल्या रोगाचा जिवाणू नाही ना, हा तिथल्या कामातला नेहमीचा प्रश्न. तिन्ही ठिकाणी उत्तर नसण्याविषयीचे असते आणि त्या उत्तरावर कुणीतरी काहीतरी ठरवणार असते. डॉक्टर औषध थांबवणार असतो, ग्रामपंचायत पाणी सोडणार असते, शेतकरी कर्ज काढून लागवड करणार असतो.

आता जी वस्तू नाही तिचा डोळ्याशी संबंध येत नाही, तिचा स्पर्श होत नाही, तिला रंग-रूप नसते. मग ती नाही हे ज्ञान येते कुठून? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला तो वाद ठाऊक असो वा नसो, त्याचा रोजचा धंदा त्यावरच उभा आहे. ‘सापडले’ म्हणायला एक वसाहत, एक स्लाइड पुरते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मात्र कमवावा लागतो, आणि या व्यवसायाची बरीचशी कौशल्ये त्या कमाईसाठीच लागतात.

चार्वाकांच्या नावावर सांगितले जाणारे मत सगळ्यांत सोपे आहे: प्रत्यक्ष तेवढेच खरे, दिसत नाही ते नाही. नैयायिकांनी अभावाला एक पदार्थच मानले. जमिनीवर घडा नसला तर डोळ्याला नुसती जमीन दिसत नाही, ‘घटाभाव असलेली जमीन’ दिसते, असे ते म्हणतात. प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते मोकळी जमीन दिसली, यापलीकडे वेगळे काही कळलेलेच नसते. प्राभाकराच्या हाती इनक्युबेटरमधून काढलेली कोरी पेट्री डिश दिली तर तो म्हणेल, अगार दिसला, बाकी तुमचे बोलणे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी तिसरी वाट काढली. न दिसणे हेच ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन आहे, असे सांगून त्यांनी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले.

पण कुठलेही न दिसणे प्रमाण ठरत नाही, ही अट लगेच पुढे येते. सतराव्या शतकातल्या धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात ती नेमकी मांडली आहे. भरपूर उजेडात जमिनीकडे पाहिले आणि घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. ‘असता तर दिसलाच असता’ असे जिथे म्हणता येते तिथलेच न दिसणे कामाचे, आणि त्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. कुमारिलांच्याच शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानाच्या खात्यात टाकतात, पण अट हीच घालतात. दिसण्याजोगी वस्तू दिसली नाही तर तिचा अभाव सिद्ध होतो. पिशाचासारखी न दिसणारीच वस्तू दिसली नाही तर हाती फक्त संशय उरतो. निर्णय मिळत नाही.

जिवाणू हे या बाबतीत पिशाचाच्या आणि घड्याच्या मधले प्रकरण आहे. नुसत्या डोळ्यांनी तो कधीच दिसत नाही. पण योग्य खाद्य, योग्य उष्णता आणि पुरेसा वेळ दिला तर एका पेशीची लाखो होऊन अगारावर टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत दिसू लागते. म्हणजे इथे उजेड आधीपासून नसतो, तो प्रयोगशाळेला पाडावा लागतो. माध्यम कोणते, तापमान किती, प्राणवायू ठेवायचा की काढायचा, डिश किती दिवस ठेवायची, हे निवडण्याला सूक्ष्मजीवशास्त्राचे मूलभूत कौशल्य म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या भाषेत ही न दिसणाऱ्याला दिसण्यायोग्य करण्याची तयारी झाली. ती चुकली की कोरी डिश अंधारातल्या जमिनीसारखी ठरते.

क्षयरोगाच्या तपासणीत हे ठळक दिसते. ई. कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. म्हणून लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर ८ आठवडे वाट पाहिल्याखेरीज कल्चर नकारार्थी म्हणत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासायचा तर एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार जिवाणू असावे लागतात, तेव्हा कुठे एखादा नजरेस पडण्याची शक्यता निर्माण होते. त्याहून कमी असतील तर रुग्ण क्षयरोगी असूनही स्लाइड स्वच्छ दिसते. त्यातही स्लाइड ‘निगेटिव्ह’ लिहिण्यापूर्वी ऑइल इमर्शन भिंगाखाली १०० क्षेत्रे पाहायची, असा नियम आहे. झील-नील्सन रंगवणीत निळ्या पार्श्वभूमीवर लालसर, किंचित वाकलेल्या बारीक काड्या शोधायच्या असतात. दहाव्या क्षेत्रात काडी सापडली तर प्रश्न संपतो. न सापडलेल्या स्लाइडलाच पूर्ण शंभर क्षेत्रांची मजुरी द्यावी लागते. दिवसभरात अशा वीस स्लाइडी समोर असताना विसाव्या स्लाइडचेही शंभरावे क्षेत्र पाहणे, हे कौशल्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. नोकरीत मात्र ते रोज पणाला लागते. साठाव्या क्षेत्रावर थांबलेल्याची सही आणि शंभराव्यावर थांबलेल्याची सही कागदावर सारखीच दिसते.

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोल्याच्या बाजूला, हा प्रश्न डाळिंबाच्या बागेत येऊन ठेपतो. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. पानांवर तेलकट, पाणथळ ठिपके पडतात, फळावर एल किंवा वाय आकाराच्या भेगा जातात, आणि ‘भगवा’ जातीचे भरलेले फळ बाजारात कवडीमोल होते. पावसाळी हवेत तो झपाट्याने पसरतो, म्हणून मृग बहार धरायचा की हस्त, हा निर्णय बरेचदा तेल्याच्या भीतीवर ठरतो. ठिपका समोर असेल तर ओळख पटवणे अवघड नाही. ठिपक्याच्या कडेचा तुकडा ब्लेडने कापून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवतात, वर कव्हरस्लिप टाकतात आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली कापलेल्या कडेकडे पाहतात. मिनिटा-दोन मिनिटांत कडेतून गढूळ धूर निघाल्यासारखी धार पाण्यात पसरू लागते. ती जिवाणूंचीच धार असते. पुढे ग्लुकोज असलेल्या अगारावर ३० अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत पिवळ्या, चिकट वसाहती येतात. रुग्णालयाच्या सवयीने हीच डिश ३७ अंशांना ठेवून दुसऱ्या दिवशी फेकली, तर कोरी डिश मिळण्याचा धोका आहे, आणि तेवढ्यावरून ‘तेल्या नाही’ असे लिहिणे म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी असल्याचे सांगणे.

खरी अडचण ठिपका नसताना येते. डाळिंबाची लागवड मुख्यतः गुटी कलमांनी होते. बाधित बागेतून घेतलेले कलम बाहेरून तजेलदार दिसूनही आत जिवाणू बाळगू शकते, आणि मग रोग रोपवाटिकेतून नव्या शेतात जातो. अशा वेळी पीसीआरसारखी चाचणी लागते. पण ती एकेका रोपाचे सांगते, सगळ्या गठ्ठ्याचे सांगत नाही. इथे गणित येते. ६० रोपे तपासली आणि एकातही जिवाणू सापडला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, बाधित रोपांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांहून जास्त नसावे. एकरी ३०० झाडे धरली तर १५ पर्यंत झाडे बाधित असण्याला हा ‘शून्य’ आडवा येत नाही. तपासलेल्या रोपांची संख्या तीनशेवर नेली तर हीच मर्यादा १ टक्क्यावर येते, शून्यावर येतच नाही. दर्शनकारांच्या घड्याला ही अडचण नव्हती. त्यांची जमीन एका नजरेत मावत होती. नमुना घेऊन पूर्णाविषयी बोलणाऱ्याला संख्याशास्त्र टाळता येत नाही, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते सहसा रुक्ष वाटते, हे या विषयाचे दुर्दैव.

टायफॉइडच्या रक्त-कल्चरमध्ये तेच गणित दुसऱ्या वेषात भेटते. अनेक रुग्णांच्या एका मिलिलिटर रक्तात सरासरी एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जिवाणू असतात. सरासरी एक असताना एक मिलिलिटर घेतले, तर शंभरातले सदतीस नमुने निव्वळ योगायोगाने रिकामे निघतील. प्रौढाचे १० मिलिलिटर रक्त मागितले जाते ते यासाठी. सुई टोचणाऱ्याला रुग्णाची दया येऊन त्याने दोन-तीन मिलिलिटरच काढले, तर पुढचे पाच दिवस इनक्युबेटर कितीही नीट चालला तरी त्या अहवालाचा अधिकार तिथेच संपलेला असतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम नमुना टेबलावर आल्यावर सुरू होत नाही, त्याआधी वॉर्डात सुरू होते, असे म्हणतात ते याच अर्थाने.

‘असता तर दिसला असता’ हे वाक्य दर्शनग्रंथांत तर्क म्हणून येते. प्रयोगशाळा ते नुसते बोलून थांबत नाही, करून पाहते. प्रत्येक चाचणीबरोबर एक पॉझिटिव्ह कंट्रोल लावतात, म्हणजे ज्यात तो जिवाणू आहे हे माहीत आहे असा नमुना त्याच माध्यमावर, त्याच इनक्युबेटरमध्ये ठेवतात. तो वाढला आणि रुग्णाचा नमुना वाढला नाही, तरच शेवटच्या ‘नाही’ला किंमत. कंट्रोलच वाढला नाही, तर सगळा दिवस वाया गेला असे मानून चाचणी पुन्हा लावायची. ऑटोक्लेव्हची परीक्षाही अशीच होते. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटे, यात सर्व जिवाणू मरतात हे पुस्तकात आहे. पण या यंत्रात, आज, या गठ्ठ्याच्या मध्यभागी ते मेले का? त्यासाठी उष्णतेला अतिशय दाद न देणाऱ्या जिओबॅसिलसच्या बीजाणूंची पट्टी भांड्यांच्या मधोमध ठेवतात आणि नंतर तिला माध्यमात घालून वाढ येते का पाहतात. शेजारी ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली तशीच पट्टी ठेवतात, ती वाढलीच पाहिजे. नाश झाला हे सिद्ध करायला जिवंत साक्षीदार लागतो.

अभावाचे प्रकार पाडण्यात वैशेषिकांनी जी बारकाई दाखवली तिचाही इथे उपयोग होतो. उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसणे हा अत्यंताभाव, आणि ‘हे ते नव्हे’ हा अन्योन्याभाव. कोऱ्या डिशवर हे प्रकार एकसारखेच दिसतात, आणि तिथेच घात होतो. तापाचा रुग्ण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊन मग रुग्णालयात आला, तर रक्तातले जिवाणू दबलेले किंवा मेलेले असू शकतात. अहवाल ‘नो ग्रोथ’ येतो तो प्रध्वंसाभावाचा, आणि डॉक्टर वाचतो तो अत्यंताभाव समजून. म्हणून विनंतीपत्रावर आधी घेतलेल्या औषधांचा रकाना असतो, जो बहुतेकदा रिकामा येतो. पाण्याच्या नमुन्यात फसगत याहून सूक्ष्म असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. नमुना बाटलीत भरून करमाळ्याहून सोलापूरला येईपर्यंत तो आपले काम करतच राहतो, आणि नळाशी जिवंत असलेले जिवाणू वाटेत मरतात. प्रयोगशाळेला पाणी शुद्ध दिसते आणि गावाने प्यायलेले पाणी वेगळेच असते. हे टाळण्यासाठी निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते क्लोरीन निकामी करते आणि नमुना भरला त्या क्षणाची स्थिती टिकवते. घरच्या धुतलेल्या बाटलीत आणलेला नमुना प्रयोगशाळा परत पाठवते, तेव्हा लोकांना तो कारकुनी आडमुठेपणा वाटतो.

न आढळण्यावरून माणसाची अब्रू वाचल्याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार होई. त्याच संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ही लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांच्या बाजूने रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जो प्रतिवाद केला, त्यातला एक मुद्दा वासाचा होता. बाटली परळला भरतानाच दूषित झाली असती, तर मधल्या काही आठवड्यांत धनुर्वाताचे जिवाणू तीत वाढून दुर्गंध सुटला असता. बाटली उघडताना तसा वास आल्याची नोंद नव्हती. शिवाय उघडताना वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झालेला नव्हता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. वासाचा अभाव इथे प्रमाण ठरला, कारण असता तर नाकाला कळला असता. आणि १९ जिवांचे मूळ जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यात निघाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लूप ज्योतीत लालभडक करून, थंड करून, डिशचे झाकण जेमतेम उचलून रेघा ओढायला शिकवतात. नळीचा कापसाचा बोळा टेबलावर न ठेवता करंगळीत धरायला लावतात. यांत्रिक वाटणाऱ्या या सवयींचे वजन अशा वेळी कळते.

कधी कधी एक सबंध शास्त्रच अंधारात पाहत असते. माणसाच्या जठरातल्या आम्लात जिवाणू टिकत नाहीत, असे पाठ्यपुस्तके सांगत. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल जठराच्या तुकड्यांत वळणदार जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, पण कल्चर काही येत नव्हते, कारण डिश ४८ तासांनी टाकून देण्याचा रिवाज होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही डिश पाच-सहा दिवस इनक्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि त्यांवर हेलिकोबॅक्टर वाढला. २००५ चे नोबेल या शोधाला मिळाले. आधीच्या सगळ्या कोऱ्या डिश खोट्या नव्हत्या. त्यांनी दोन दिवसांत काय वाढत नाही एवढे खरे सांगितले होते. त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी ‘दोन दिवसांत’ हे शब्द गाळले होते.

त्याच १९८२ साली रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून अवघड गोष्ट दाखवली. पटकीचा जिवाणू प्रतिकूल पाण्यात अशा अवस्थेत जाऊ शकतो की, तो जिवंत असतो, पण कुठल्याही नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. माती आणि पाण्याच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढ्या पेशी दिसतात, त्यांतल्या साधारण शंभरात एकच डिशवर वाढते, हे निरीक्षण तर जुनेच आहे. म्हणजे ‘वाढ नाही’ यावरून ‘जीव नाही’ असे म्हणण्याची सोय मुळातच अपुरी आहे.

या टोकाला गेल्यावर सोलापूरच्याच मातीतली एक वेगळी विचारपरंपरा आठवणे अपरिहार्य आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमाला चालवली. तिचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ति’ १९४३ मध्ये आदिनाथ उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली निघाला. जैन आगमांच्या मते सृष्टी न दिसणाऱ्या जीवांनी भरलेली आहे. निगोद जीव तर एकाच शरीरात अनंत असतात आणि एका श्वासाच्या अवधीत अठरा वेळा जन्मून मरतात. निगोद म्हणजे बॅक्टेरिया, असे हल्ली व्याख्यानांतून उत्साहाने सांगितले जाते. ते घाईचे आहे. सूक्ष्म निगोदाला अग्नी जाळत नाही, भिंत अडवत नाही, असे तीच परंपरा सांगते. बॅक्टेरिया ऑटोक्लेव्हमध्ये मरतात. शिवाय निगोदाचे ज्ञान केवलज्ञानींच्या वचनावरून येते, डिशवरून नव्हे. जो कुठल्याच साधनाने दिसणार नाही त्याचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही, हे जैन आचार्य आणि धर्मकीर्ती दोघांनाही मान्य होते. मतभेद पुढचा आहे. एकाला तिथे आगम पुरतो, दुसऱ्याकडे संशय उरतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्यवसाय म्हणून दुसऱ्याच्या बाजूला बसतो. घरी जैन रीतीने पाणी गाळून पिण्याला आणि गाळणीवरचे जीव त्याच विहिरीत परत सोडण्याला त्याने त्यामुळे हरकत घ्यावी असे मात्र नाही. कोलवेल यांच्याच पुढच्या कामात बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कापडाच्या छिद्रांतून जिवाणू सहज जातो, पण तो ज्या बारीक जलचरांना चिकटून राहतो ते अडकतात.

पंढरपुरात हा प्रश्न धर्माच्या अंगणात येतो. आषाढीला लाखो वारकरी चंद्रभागेत स्नान करतात. त्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राज्याच्या आरोग्य अहवालांत पंढरपूरच्या यात्रेची आणि पटकीची नावे वारंवार एकत्र येत. आज नदीच्या पाण्याचा नमुना दूषित निघाला की दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. तीर्थाला काय होते, हे एक. आणि प्रयोगशाळेने तीर्थ खोटे पाडले, हे दुसरे. दोन्ही एकाच गोंधळातून निघतात. ‘वेदान्तपरिभाषा’त अनुपलब्धीच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून धर्म आणि अधर्मच घेतले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्य-पाप आत्म्यात असले तरी ते दिसण्यायोग्य नाहीत, म्हणून त्यांचे न दिसणे हा त्यांचा अभाव नव्हे. मॅकॉन्की माध्यमात पुण्य वाढत नाही. त्यामुळे प्रयोगशाळा त्याविषयी होय-नाही काहीच म्हणू शकत नाही. ई. कोलाय मात्र पूर्णपणे दिसण्यायोग्य आहे. तो पाण्यात असताना श्रद्धेच्या जोरावर तो नाही असे म्हणणे हा धर्माने आपल्या कक्षेबाहेर दिलेला अहवाल होय. वारकऱ्याने स्नान चंद्रभागेत करावे आणि प्यायचे पाणी टँकरचे घ्यावे, या व्यवस्थेत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने कुठलाही विरोध नाही.

सोलापूरमध्ये या व्यवसायाकडे जाणारे रस्ते अनेक आहेत. एकाच जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्थापन झालेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये, वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएसनंतर एमडी, खासगी लॅबमध्ये डीएमएलटी, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, दूध संघ. पगार आणि हुद्दे वेगळे असले तरी परीक्षेचा क्षण सगळीकडे सारखाच. कलेक्टर कचेरीतून फोन येतो, अहवाल आज हवा. रुग्णाचे नातेवाईक काचेशी उभे असतात. कल्चरला ४८ तास पुरे झालेले नसतात. अशा वेळी ‘अजून सांगता येत नाही’ असे शांतपणे सांगणे आणि तसेच लिहूनही ठेवणे, हे हाताच्या कौशल्याहून कमी महत्त्वाचे नाही. प्राथमिक अहवालावर ‘२४ तासांनंतर वाढ नाही’ असे तासांसकट लिहायची पद्धत त्यातूनच आली.

वारीत मात्र ४८ तास थांबायला वेळ नसतो. माळशिरस, वेळापूर, वाखरीच्या तळांवर टँकर भरतो, तासाभरात रिकामा होतो. त्याचा जिवाणू-अहवाल येईपर्यंत पालखी पुढच्या मुक्कामी गेलेली असते. म्हणून तिथे प्रश्नच बदलला जातो. जिवाणू नाहीत का, हे विचारण्याऐवजी क्लोरीन आहे का, हे विचारतात. टीसीएल पावडर टाकून अर्धा तास गेला की जलसुरक्षक किंवा आरोग्यसेवक नळीत पाणी घेऊन ओ.टी.चे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर शिल्लक असला, तर त्याने आपले काम उरकले असे धरतात. अभाव जाणण्याची दगदग टाळून भावरूप खुणेवरून अनुमान करण्याची ही युक्ती आहे. ती चालते ती व्याप्तीच्या, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ संबंधाच्या, भरवशावर. जिथे पुरेसा वेळ क्लोरीन टिकला तिथे रोगजंतू टिकत नाहीत, ही ती व्याप्ती.

ई. कोलायची चाचणीसुद्धा अशाच व्याप्तीवर उभी आहे. पाण्यात पटकी, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू एकेक करून कुणी शोधत नाही. विष्ठेचा शिरकाव झाला असेल तर तिथे ई. कोलाय असणारच, तो नाही म्हणून विष्ठा नाही, विष्ठा नाही म्हणून तिच्यातून येणारे रोगजंतू नाहीत. धर्मकीर्तींनी अनुपलब्धीचे जे अकरा प्रकार सांगितले, त्यांत व्यापकानुपलब्धी हा तंतोतंत असाच आहे. त्यांचे उदाहरण असे की, इथे झाडच नाही, म्हणून शिंशपेचे झाडही नाही. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळता कामा नये असे सांगते, त्यामागे हेच अनुमान आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात हे अनुमान तुटले. प्रक्रिया केलेले, क्लोरीन घातलेले, तेव्हाच्या मानकांत बसणारे पाणी पिऊन अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी निघाला. तोही विष्ठेतूनच येतो. पण क्लोरीन ई. कोलायला मारतो आणि याच्या कठीण कवचाला फारसा धक्का लावत नाही. झाड तोडले गेले होते आणि शिंशपा उभी होती. व्याप्ती कच्च्या पाण्यापुरती खरी होती, क्लोरीन घातलेल्या पाण्यापुरती अपुरी. पाण्याच्या अहवालावर नमुन्याचे ठिकाण, तारीख, वेळ, तपासलेले पाणी किती आणि पद्धत कोणती, हे रकाने असतात, आणि शेऱ्यात ‘पाणी निर्जंतुक आहे’ असे न लिहिता ‘ई. कोलाय आढळले नाही’ एवढेच लिहितात.